अतिवृष्टीचं अनुदान: पैसे नेमके कुठे अडतात

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला पूर आला आणि परांडा, करमाळा, माढा, मोहोळ या पट्ट्यातलं उभं पीक पाण्याखाली गेलं. पुढे मदत जाहीर झाली, जीआर (शासन निर्णय) निघाले आणि पारावर एकच चर्चा सुरू झाली: शेजाऱ्याला आले, मला का नाही? बांधाला बांध लागून आहे, पीकही तेच, तरी त्याला जास्त आणि मला कमी कसे?

या प्रश्नांची उत्तरं सहसा मंत्रालयात सापडत नाहीत. ती गावातच, बाधित शेतकऱ्यांच्या यादीतल्या तुमच्या ओळीत असतात. नाव, गट नंबर, पीक, जिरायत (पावसावरची) की बागायत (पाण्याची सोय असलेली), बाधित क्षेत्र, फार्मर आयडी (शेतकऱ्याचा सरकारी ओळख क्रमांक), आधार क्रमांक अशी ती ओळ. तहसील, जिल्हाधिकारी, विभागीय आयुक्त आणि मदत व पुनर्वसन विभाग या वरच्या पायऱ्यांवर बहुतेक वेळ या ओळींची बेरीज होत जाते, तुमचं शेत पुन्हा कोणी पाहत नाही. त्यामुळे यादी गावातून वर जाण्याआधी आपली ओळ तपासणं, यापेक्षा जास्त उपयोगाचं काम शेतकऱ्याच्या हातात दुसरं नाही.

आधी दर समजून घेऊ, कारण रक्कम बरोबर की चूक हे त्याशिवाय कळत नाही. मदतीचा पाया म्हणजे राज्य आपत्ती प्रतिसाद निधीचे केंद्रानं ठरवलेले निकष. या निधीत महाराष्ट्रापुरता केंद्राचा वाटा ७५ टक्के आणि राज्याचा २५ टक्के. २०२५-२६ अखेरपर्यंतच्या निकषांत जिरायतीला हेक्टरी ८,५०० रुपये, बागायतीला १७,००० आणि बहुवार्षिक पिकांना, म्हणजे मुख्यतः फळबागांना, २२,५०० रुपये होते. मर्यादा दोन हेक्टर. राज्यानं १ जानेवारी २०२४ च्या जीआरनं हेच दर १३,६००, २७,००० आणि ३६,००० वर नेले होते आणि मर्यादा तीन हेक्टर केली होती. ३० मे २०२५ च्या जीआरनं पुन्हा जुन्या दरांवर आणि दोन हेक्टरवर आणलं. २०२४ च्या पावसाळ्याचे पैसे मिळालेल्या माणसाला २०२५ चा आकडा कमी दिसला तो यामुळे. त्यात तलाठ्याचा काही हात नाही.

मग ऑक्टोबर २०२५ मध्ये ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर झालं. त्यात मर्यादा पुन्हा तीन हेक्टर झाली आणि रब्बीच्या बियाण्यासाठी व इतर खर्चासाठी हेक्टरी १०,००० रुपये वेगळे धरले गेले. जाहिरातीत दिसलेले १८,५००, २७,००० आणि ३२,५०० हे आकडे या बेरजेतून आलेले. पण पैसे एका वेळी आले नाहीत. मूळ मदत, वाढीव तिसरं हेक्टर आणि रब्बीचे दहा हजार यांचे जीआर वेगळे, याद्यांची छाननी वेगळी, जमा होण्याच्या तारखा वेगळ्या. पहिली रक्कम पाहून "निम्मेच दिले" असं वाटलेल्या कित्येकांची दुसरी रक्कम तेव्हा वाटेत होती. पुढच्या कुठल्याही आपत्तीला हे जुने आकडे धरून भांडायला जाऊ नका. त्या त्या वेळचा जीआर काढून वाचा, तो शासनाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो.

आता एकराचा हिशेब. एकर म्हणजे साधारण ४० आर. मूळ निकषांच्या दरानं जिरायतीला आराला, म्हणजे हेक्टरच्या शंभराव्या भागाला, ८५ रुपये पडतात, म्हणजे एकरी ३,४००. बागायतीला एकरी ६,८०० आणि फळबागेला ९,०००. डीएपी खताचं एक पोतं १,३५० रुपयांना मिळतं, त्यात सोयाबीनची बियाण्याची पिशवी धरा, म्हणजे ३,४०० रुपये कुठवर पोचतात ते कळतं. ही रक्कम बुडालेल्या पिकाची किंमत म्हणून दिलीच जात नाही. पुढच्या पेरणीच्या निविष्ठांसाठी ते अनुदान आहे, आणि म्हणूनच ते उत्पादनावर किंवा बाजारभावावर मोजत नाहीत, क्षेत्रावर मोजतात. एका हंगामात एकदाच मिळतं. जूनमध्ये एकदा आणि सप्टेंबरमध्ये पुन्हा त्याच गटाचं नुकसान झालं म्हणून दोनदा मिळत नाही.

इथे एक घोटाळा कायम होतो तो पीक विम्याशी. विमा वेगळा, अनुदान वेगळं. विम्याला हप्ता भरावा लागतो, अनुदानाला नाही. एक रुपयातला विमा खरीप २०२५ पासून बंद झाला. त्याच हंगामापासून राज्यात भरपाई पीक कापणी प्रयोगातल्या, म्हणजे निवडक शेतांत कापणी करून मोजलेल्या, उत्पादनावर ठरू लागली आणि ७२ तासांत पूर्वसूचना देऊन मिळणारी वैयक्तिक भरपाई गेली. विमा कंपनीकडे तक्रार केली म्हणून अनुदानाच्या यादीत नाव येत नाही, आणि अनुदान मिळालं म्हणून विमा बुडतही नाही.

पंचनामा कधी होतो? महसूल मंडळातल्या पर्जन्यमापकावर २४ तासांत ६५ मिलीमीटरपेक्षा जास्त पाऊस नोंदला गेला की ती अतिवृष्टी. गावात ढगफुटीसारखा पाऊस आणि बारा किलोमीटरवरच्या मापकावर ४८ मिलीमीटर, अशी गत दरवर्षी कुठे ना कुठे होते. अशा वेळी दोन वाटा आहेत. नदी-नाल्याचं पाणी शेतात शिरलं असेल तर ती पूर म्हणून वेगळी आपत्ती आहे आणि तिला मापकावरच्या ६५ मिलीमीटरची गरज नाही. अर्जात "अतिवृष्टी" एवढंच न लिहिता "ओढ्याचं पाणी शिरून" असं स्पष्ट लिहायचं ते यासाठी. दुसरी वाट सततच्या पावसाची. २०२३ मध्ये राज्यानं तो स्वतंत्र आपत्ती म्हणून मान्य केला. सलग पाच दिवस रोज किमान १० मिलीमीटर पाऊस आणि जोडीला मागच्या दहा वर्षांच्या सरासरीपेक्षा जास्तीचा पाऊस असे त्याचे निकष आहेत. अवकाळी पाऊस आणि वीज यांचाही राज्याच्या यादीत समावेश आहे.

पाऊस निकषात बसला तरी पिकाचं नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून जास्त हवं. हा उंबरठा आहे, टप्पा नाही. ३० टक्के नुकसानीला शून्य, ३५ टक्क्यांना पूर्ण दर आणि १०० टक्क्यांनाही तोच दर. म्हणून "माझं शंभर टक्के गेलं, त्याचं निम्मंच, तरी दोघांना सारखे" ही तक्रार मनाला कितीही पटली तरी कागदावर टिकत नाही. भांडायचंच असेल तर क्षेत्रावर भांडावं.

पंचनामा तिघांनी मिळून करायचा असतो: तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक. पदांची नावं आता ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी आणि सहायक कृषी अधिकारी अशी झाली आहेत, पण गावात कोणी तसं म्हणत नाही. तिघांकडे मिळून चार-पाच गावं आणि मुदत आठ-दहा दिवस असली की पंचनामे शिवारात होत नाहीत, ग्रामपंचायतीच्या खोलीत होतात. सातबारा समोर ठेवायचा, पीक विचारायचं, आकडा टाकायचा. हे बरं नाही, पण होतं. त्यामुळे पंचनाम्याच्या दिवशी शेतात उभं राहण्याइतकंच, किंवा त्याहून जास्त, ग्रामपंचायतीत हजर असणं महत्त्वाचं. सोबत सातबारा, आठ-अ (खात्याचा उतारा), आधार, पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स, फार्मर आयडी आणि चालू मोबाइल नंबर ठेवा. पाणी उतरण्याआधी जागेचं लोकेशन व तारीख येईल असे फोटो काढून ठेवा. बांधावरची विहीर, विजेचा खांब, पाटाची चारी असं ओळखू येणारं काही तरी फोटोत हवं, नाहीतर पाण्यातलं सोयाबीन सगळ्यांचं सारखंच दिसतं. २०२५ च्या पुरात जिथे पोचता येत नव्हतं तिथे मोबाइलवरचे फोटोही ग्राह्य धरू, असं सरकारनंच सांगितलं होतं.

ओळीत काय चुकतं ते एका उदाहरणावर पाहू. गटाचं एकूण क्षेत्र १.२० हेक्टर, त्यात पोटखराबा (लागवडीला न येणारी जमीन) ०.१०. सोयाबीन ०.८० वर, उरलेल्या ०.३० वर तूर. पाणी सोयाबीनमध्ये थांबलं, तूर उंचावर असल्यानं वाचली. बाधित क्षेत्र ०.८०. जिरायत धरली तर ८,५०० गुणिले ०.८० म्हणजे ६,८०० रुपये. बागायत असेल तर १३,६००. जिरायतीच्या ६,८०० वर रब्बीचे हेक्टरी दहा हजार मिळाले तर आणखी ८,०००, म्हणजे एकूण १४,८००. पोटखराब्याचे पैसे नाहीत, वाचलेल्या तुरीचेही नाहीत. इथपर्यंत सरळ आहे.

आता हाच आकडा यादीत ०.०८ असा पडला तर? ०.०८ चे ६८० रुपये होतात. पण याच निकषांत जिरायतीला किमान मदत १,००० रुपयांची आहे (बागायतीला २,००० आणि बहुवार्षिकला २,५००), म्हणून यादीत तुमच्यापुढे १,००० येतात. रक्कम अगदी गोल हजार, दोन हजार किंवा अडीच हजार दिसली आणि तुमचं क्षेत्र अर्ध्या एकरापेक्षा जास्त असेल, तर दशांश चिन्ह सरकल्याची शंका आधी घ्यायची. ऑपरेटरनं रात्री दहा वाजता चारशे ओळी भरल्या की एक शून्य इकडेतिकडे होतो. गोल आकडा पाहून "सरकारनं हजारावर बोळवण केली" म्हणत बसलेले पाहिले की वाईट वाटतं, कारण ती चूक यादी वर जाण्याआधी पाच मिनिटांत दुरुस्त होते आणि नंतर पाच महिने होत नाही.

दुसरी चूक जिरायत-बागायतीची. विहीर आहे, मोटर आहे, ठिबक आहे, पण सातबाऱ्यावर विहिरीची नोंदच नाही. बोअर तर निम्म्या शिवारात नोंदवलेले नसतात. कागदावर सिंचनाचं साधन नसेल तर गट जिरायतीत जातो आणि रक्कम अर्ध्यावर येते. ही नोंद पूर आल्यावर होत नाही, उन्हाळ्यात तलाठ्याकडे अर्ज देऊन करून घ्यायची असते.

तिसरी चूक पिकाची. ई-पीक पाहणीत (सातबाऱ्यावरच्या पिकाच्या ऑनलाइन नोंदणीत) कापूस आणि पंचनाम्यात सोयाबीन, किंवा पाहणी केलीच नाही आणि सातबाऱ्यावर गेल्या वर्षीचं पीक. छाननीत दोन्ही जुळवून पाहतात आणि न जुळलेली ओळ बाजूला पडते. पाहणी मोबाइल ॲपवर स्वतः करता येते. शेताच्या बाहेर उभं राहून फोटो टाकला तर गटाचं अंतर जास्त दाखवतं, म्हणून गटाच्या आत जाऊनच करा. रेंज नसेल तर फोटो काढून ठेवून रेंजमध्ये आल्यावर अपलोड होतो.

जीआर निघाला आणि निधी आला की तहसीलमधून यादी पोर्टलवर भरतात. प्रत्येक ओळीला एक विशिष्ट क्रमांक पडतो, ज्याला गावात सगळे व्हीके नंबर म्हणतात. २०२३ पासून पैसे याच मार्गानं थेट आधारशी जोडलेल्या खात्यात येतात. त्याआधी तहसीलदार बँकेला धनादेश आणि यादी पाठवत, आणि खाते क्रमांकातला एक अंक चुकला की रक्कम परत जाई. आता खाते क्रमांक विचारलाच जात नाही, आधारला जे खातं जोडलेलं आहे तिथे पैसे जातात. सोय झाली, पण अडचणीही नव्या आल्या.

ज्यांच्याकडे फार्मर आयडी नाही त्यांना व्हीके नंबर घेऊन आपले सरकार केंद्रात ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणी, करावी लागते. पडद्यावर नाव, गट, बाधित क्षेत्र आणि रक्कम दिसते. केंद्रचालकाला घाई असते, तो थेट मशीन पुढे करतो. त्याला थांबवा आणि क्षेत्र वाचा. चूक असेल तर अंगठा न देता तिथूनच तक्रार नोंदवायची, म्हणजे ती तहसीलकडे जाते. बरोबर असेल तर अंगठा द्या आणि पावती घ्या. पावतीवरचा व्हीके नंबर जपून ठेवा, कारण पैसे कुठे आहेत हे पोर्टलवर त्यावरूनच कळतं. म्हाताऱ्या माणसांचे ठसे उमटत नाहीत. वर्षानुवर्षं खुरपं-कुऱ्हाड धरलेल्या बोटांच्या रेषा गुळगुळीत झालेल्या असतात. हात साबणानं धुवून, पुसून, थोडं तेल किंवा व्हॅसलिन लावून दुसऱ्या बोटानं पाहा. अंगठाच हवा असं नाही. तेही न जमल्यास मोबाइलवर ओटीपी घेता येतो, पण त्यासाठी आधारला चालू नंबर जोडलेला हवा. तो पोस्टात किंवा आधार केंद्रात आधीच जोडून घ्यावा.

फार्मर आयडी असेल तर २०२५ च्या मदतीत ई-केवायसी माफ होती. हा अकरा अंकी क्रमांक त्या वर्षी जुलैच्या मध्यापासून आपत्तीच्या मदतीसाठी नियमानं बंधनकारकही झाला, तरी आयडी नसलेल्यांना ई-केवायसीची वाट होती. यात मेख अशी की आयडी काढताना जेवढे गट जोडले तेवढेच त्यात असतात. दोन गावांत जमीन आहे आणि एकाच गावचे गट जोडले, किंवा आयडी काढल्यावर वाटणी झाली, खरेदी झाली, तर उरलेल्या गटांचं नुकसान यादीत अडकतं. आयडी आहे एवढ्यावर निर्धास्त राहू नका, त्यात कोणते गट दिसतात ते उघडून पाहा.

आता बँक. आधार एका वेळी एकाच बँकेला मदतीसाठी जोडलेलं असतं, आणि शेवटी जोडलं ते खरं. मुलाच्या शिष्यवृत्तीसाठी, एखाद्या योजनेसाठी किंवा सिमकार्ड घेताना दुकानदारानं उघडून दिलेल्या पेमेंट बँकेच्या खात्याला आधार जोडलं गेलं की अनुदान तिकडे जातं. माणूस महिनाभर जुन्या बँकेत पासबुक छापत राहतो. आधारच्या संकेतस्थळावर लॉग-इन केलं की बँक सीडिंगची (आधार-खाते जोडणीची) स्थिती दिसते: बँकेचं नाव आणि चालू की बंद. ते पाहायला दोन मिनिटं लागतात. बँकेत नुसती आधारची झेरॉक्स देऊन काम होत नाही. "डीबीटीसाठी (थेट खात्यात मदत येण्यासाठी) सीडिंग करा" असा संमतीचा फॉर्म वेगळा असतो, तो भरून पोच घ्या. शिवाय दोन वर्षं व्यवहार नसलेलं खातं निष्क्रिय होतं आणि आलेले पैसे परत जाऊ शकतात. शंभर रुपये भरून केवायसी केली की ते चालू होतं. परत गेलेली रक्कम बुडत नाही, पण पुन्हा पाठवायची यादी तहसीलला करावी लागते, आणि ती तुम्ही विचारल्याशिवाय क्वचितच होते.

बँकेनं अनुदान कर्जखात्यात वळतं करून घेतलं, ही तक्रारही नेहमीची. मदतीच्या जीआरमध्येच या रकमेतून वसुली करू नये असं लिहिलेलं असतं. त्या जीआरची प्रत जोडून शाखाधिकाऱ्याला लेखी अर्ज द्या आणि प्रत तहसीलदार व जिल्हा उपनिबंधकांना पाठवा. तोंडी भांडणापेक्षा याला फळ येतं.

सामाईक खात्याची गोष्ट वेगळीच. सातबाऱ्यावर चार भाऊ आणि तीन बहिणी, कसतो एक. यादीत एकाच नावावर पूर्ण क्षेत्र टाकायचं तर बाकीच्यांचं संमतीपत्र लागतं. ते पंचनाम्याच्या वेळीच द्यावं. बहिणी परगावी असतात, त्यांच्या सह्या आणि आधारच्या प्रती राखी पौर्णिमेला माहेरी आल्या की घेऊन ठेवणारे लोक आहेत आणि त्यांचे पैसे वेळेवर येतात. खातेदार वारला असेल तर मामला आणखी लांबतो. व्हीके नंबर मयताच्या नावावर पडतो आणि पुढे काहीच हलत नाही. वारस नोंद ई-हक्क या महसूल खात्याच्या पोर्टलवर अर्ज करून लावता येते, पण फेरफाराच्या नोटिशीचेच पंधरा दिवस असतात. २०२५ च्या जिवंत सातबारा मोहिमेत ज्यांनी नोंद लावून घेतली, त्यांचं पावसाळ्यात सोपं गेलं. बटाईनं करणाऱ्याला मात्र या सगळ्यात जागा नाही. बी-खत त्याचं, पैसे सातबाऱ्यावर ज्याचं नाव त्याला. भावानं भावाला किंवा मालकानं बटाईदाराला द्यायचे की नाही, हे घरातलंच. सरकारी कागद त्यात पडत नाही, आणि माझ्या मते ही या योजनेतली सगळ्यात मोठी खोट आहे.

पिकाशिवायच्या नुकसानीचं थोडक्यात. २०२५-२६ पर्यंतच्या त्याच निकषांत शेतात तीन इंचांपेक्षा जास्त गाळ किंवा वाळू साचली तर हेक्टरी १८,०००, जमीन खरडून गेली तर ४७,०००. दोन्ही अल्प व अत्यल्प भूधारकांसाठी, म्हणजे दोन हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांसाठी. गाळ उपसण्याची घाई होते हे खरं, पण उपसण्याआधी पट्टी उभी धरून फोटो काढा, नाहीतर तीन इंच होता हे सिद्ध करायला काही उरत नाही. २०२५ च्या पॅकेजमध्ये खरडलेल्या जमिनीसाठी रोजगार हमीतून हेक्टरी तीन लाखांपर्यंतचं काम आणि बुजलेल्या विहिरीला ३०,००० रुपये असं जाहीर झालं होतं. रोजगार हमीचे ते तीन लाख खात्यात येणारे नव्हेत, ते कामाच्या रूपानं. मूळ निकषांत जनावरांपैकी दुधाळ गाय-म्हशीला ३७,५००, बैलाला ३२,०००, वासराला २०,०००, शेळी-मेंढीला ४,००० आणि कोंबडीला १०० रुपये. पशुवैद्यकाचं शवविच्छेदन झाल्याशिवाय पुरू नका आणि कानातला बारा अंकी बिल्ला फोटोत येऊ द्या.

यादी चुकलीच तर तहसीलदारांच्या नावे साधा अर्ज: गाव, गट, पीक, यादीतलं क्षेत्र, खरं क्षेत्र, सोबत फोटो आणि सातबारा. आवक-जावक टेबलावर शिक्का मारून पोच घ्या. तलाठ्याच्या हातात दिलेला कागद म्हणजे अर्ज नव्हे. उत्तर न आल्यास दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकारात आपल्या गटाच्या पंचनाम्याची आणि यादीतल्या पानाची प्रत मागा. तीस दिवसांत ती द्यावी लागते. प्रत हातात आली की चूक तलाठ्याची, ऑपरेटरची की छाननीतली हे कळतं, आणि प्रांताधिकाऱ्याकडे जाताना नेमकं कोणत्या रकान्यावर बोट ठेवायचं तेही.